शंभर तास ऐकणे, वीस तास करणे : स्वमग्न मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीच्या एका अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्वमग्नता (ऑटिझम) आणि मेंदूविकासाशी निगडित अन्य अक्षमता असलेल्या मुलांना सेवा देणाऱ्या व्यावसायिकांसाठी चालणारा सोळा आठवड्यांचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे आणि गेली अकरा वर्षे मुख्यतः न बोलणाऱ्या किंवा अगदी मोजके बोलणाऱ्या लहान मुलांसोबत काम करते; त्यामुळे या प्रशिक्षणाला मी कोरी पाटी घेऊन गेले नव्हते, आणि खरे सांगायचे तर थोड्या गुर्मीतच गेले होते. संस्थेचे नाव मी येथे देत नाही. पुढे काही तक्रारी मांडायच्या आहेत आणि त्या या एकाच संस्थेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, कारण अशा प्रकारचे जे तीन-चार अभ्यासक्रम मी आजवर केले किंवा जवळून पाहिले, त्या सगळ्यांची ठेवण कमी-अधिक फरकाने अशीच आहे. माझे मत आधीच सांगून टाकते : व्याख्याने चांगली आहेत, प्रत्यक्ष सरावाचा भाग उत्कृष्ट आहे, आणि या दोहोंचे प्रमाण नेमके उलटे ठेवलेले आहे.

एकूण 120 तासांपैकी 76 तास व्याख्यानांना, 24 तास केसचर्चेला आणि अवघे 20 तास पर्यवेक्षणाखालील सरावाला दिले होते. तुकडीत चोवीस जण होते : विशेष शिक्षक, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, दोन बालरोगतज्ज्ञ, शाळेच्या वर्गात मुलाच्या शेजारी बसून त्याला मदत करणाऱ्या तिघी सहायिका आणि माझ्यासह चार वाचा-उपचारतज्ज्ञ. गट मुद्दाम मिश्र पाडले होते. पहिले काही आठवडे मला याचा कंटाळा आला, कारण भाषाविकासाचे जे टप्पे मला तोंडपाठ आहेत तेच पुन्हा ऐकावे लागत होते. पण आपल्या शास्त्राबाहेरच्या माणसाला तेच टप्पे समजावून सांगायची वेळ आली, तेव्हा मी रोज वापरत असलेले निम्मे शब्द शेजारच्या शिक्षिकेला अजिबात कळत नाहीत आणि तरीही ती वर्षानुवर्षे माझ्या अहवालांवर मान डोलावत आली असणार, हे लक्षात आले.

व्याख्यानांतील इतिहासाचा भाग माझ्या अपेक्षेपेक्षा बराच सकस निघाला. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा स्वमग्न मुलांवर लिहिलेल्या लेखापासून आणि हान्स अ‍ॅस्पर्गर यांच्या 1944 च्या निबंधापासून सुरुवात करण्याचा प्रघात आहे. येथे मात्र त्याच्याही मागे जाऊन ग्रुन्या सुखारेवा या बालमनोविकारतज्ज्ञ स्त्रीने 1920 च्या दशकाच्या मध्यात सहा मुलांची जी वर्णने लिहिली होती, त्यांपासून आरंभ केला. हा तपशील केवळ बहुश्रुतपणासाठी नव्हता. निदानाच्या चौकटी माणसे आखतात आणि पुसतात, हे एकदा मनावर ठसले की जुनी फाईल वाचताना डोळे उघडे राहतात. 2013 साली आलेल्या डीएसएम-5 या निदानसंहितेने अ‍ॅस्पर्गर वगैरे वेगवेगळी नावे काढून एकच ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ केला, संवेदनांच्या बाबतीतील वेगळेपण प्रथमच निदानाच्या निकषांत घेतले आणि स्वमग्नता व एडीएचडी (लक्ष टिकवण्यातील अडचण आणि अतिचंचलता) ही दोन्ही निदाने एकाच मुलाला देण्यावर आधीच्या आवृत्तीत असलेली बंदी उठवली. ही शेवटची गोष्ट माहीत नसलेला व्यावसायिक पंधरा वर्षांपूर्वीचा अहवाल हातात घेऊन ‘एडीएचडी नाही असे यात लिहिले आहे’ असे पालकांना ठामपणे सांगतो, आणि त्या काळी स्वमग्नतेसोबत एडीएचडी लिहिण्याची मुभाच नव्हती हे त्याच्या गावीही नसते.

पुराव्याबद्दलची शिस्तही चांगली होती. मानसशास्त्रज्ञ आयव्हर लोवास यांच्या वर्तन-उपचारांवरील 1987 च्या अभ्यासाचा उल्लेख आजही जाहिरातींतून ‘निम्मी मुले बरी झाली’ अशा थाटात होतो. येथे तो अभ्यास आम्हांला ओळीने वाचायला लावला : सखोल उपचार मिळालेली मुले एकोणीस, आठवड्याला 40 तासांचा उपचार, त्यांतील नऊ मुलांनी गाठलेली मजल, गटवाटणी यादृच्छिक नसणे, आणि त्या काळच्या पद्धतीत मुलांना मोठ्याने दरडावणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे याही गोष्टी समाविष्ट असणे. वर्तनशास्त्रातून आलेली सगळी तंत्रे टाकून द्या असेही कोणी म्हटले नाही, किंवा ती एकमेव शास्त्रीय वाट आहे असाही आग्रह धरला नाही. खेळातून आणि मुलाच्या पुढाकारातून शिकवणाऱ्या पद्धती त्याच मुळापासून कशा फुटल्या आणि कुठे वेगळ्या झाल्या, हे दाखवले. तसेच ‘सुलभीकृत संवाद’, म्हणजे सहायकाने मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे दाबून घेण्याची पद्धत, का नाकारली गेली हे सांगताना निव्वळ निष्कर्ष न देता कसोटीच करून दाखवली. मुलाच्या जागी बसलेल्याला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरे चित्र दाखवायचे, एकाचे चित्र दुसऱ्याला दिसू द्यायचे नाही, आणि कागदावर कोणाच्या चित्राचे नाव उमटते ते पाहायचे. 1990 च्या दशकाच्या आरंभी झालेल्या अशा कसोट्यांत पुन्हा पुन्हा सहायकाच्याच चित्राचे नाव उमटले होते. आमच्या वर्गातल्या खोट्या प्रयोगातही हात धरणाऱ्या बाई शपथेवर सांगत होत्या की आपण काहीच ढकलले नाही, आणि त्या खोटे बोलत नव्हत्या.

संवेदी समस्यांवरचे तीन तास मात्र वाया गेले. पाहुण्या वक्त्यांनी वजनदार जॅकेटपासून त्वचेवर ब्रश फिरवण्यापर्यंत सगळे काही सारख्याच आत्मविश्वासाने विकले, त्यांतील बऱ्याच गोष्टींमागे पुरावा अत्यंत तोकडा आहे हे एकदाही सांगितले नाही, आणि आधीच्या पाच आठवड्यांत जी शिस्त आमच्या अंगी बाणवली जात होती तिच्यावर एका दुपारी बोळा फिरवला. संयोजकांनी पाहुण्यांच्या स्लाइड्स आधी पाहिल्या असत्या तर हे टळले असते.

आता ज्या भागासाठी हा अभ्यासक्रम करावा, त्याकडे वळते. सरावाच्या वीस तासांची रचना चार पायऱ्यांची होती : काय करायचे ते थोडक्यात सांगणे, प्रशिक्षिकेने ते करून दाखवणे, आम्ही आधी एकमेकांवर आणि मग मुलासोबत ते करणे, आणि लगेच, त्याच बैठकीत, नेमका अभिप्राय मिळणे. ही पद्धत नवी नाही. वर्तनशास्त्रात ती कित्येक दशके प्रचलित आहे आणि तिच्या बाजूने भरपूर पुरावा आहे. अवघड आहे ती शेवटची पायरी, कारण तिच्यासाठी एका अनुभवी माणसाला एका शिकाऊ माणसाकडे एकाग्र होऊन पाहत बसावे लागते, आणि असा वेळ देणे कोणत्याही संस्थेला महागच पडते.

पहिला सराव चित्र-देवाणघेवाणीचा होता. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 1985 मध्ये विकसित केलेल्या या पद्धतीत, जी पेक्स या नावाने ओळखली जाते, मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र उचलून समोरच्याच्या हातात ठेवते आणि ती वस्तू मिळवते. वाचताना हे इतके सोपे वाटते की माझ्या ओळखीचे कितीतरी जण एक चित्रांची वही आणून सरळ सुरुवात करतात. पहिल्या टप्प्याला दोन प्रौढ माणसे लागतात, हे वाक्य मीही अनेकदा वाचले होते आणि मनुष्यबळ नाही म्हणून अनेकदा सोडून दिले होते. एक जण समोर वस्तू घेऊन बसतो. दुसरा मुलाच्या मागे बसतो आणि मुलाने वस्तूकडे हात नेला की तोच हात अलगद चित्राकडे वळवून, उचलून, समोरच्याच्या तळहातावर सोडायला मदत करतो. मागच्याने तोंडातून एक शब्द काढायचा नाही आणि समोरच्याने ‘काय हवे’ असे विचारायचे नाही. माझ्या जोडीला असलेल्या विशेष शिक्षिका मागे बसल्या आणि पहिल्या पाच मिनिटांत ‘दे, दे त्यांना’ असे चौदा वेळा म्हणाल्या. आकडा प्रशिक्षिकेने रेघा मारून मोजला होता. हाताने दिलेली मदत हळूहळू कमी करता येते, बोलून दिलेली सूचना मात्र मुलाच्या दृष्टीने त्या कृतीचाच भाग होऊन बसते आणि मग कोणी ‘दे’ म्हटल्याशिवाय मूल चित्र उचलतच नाही, हे त्यांना पुस्तकातून माहीत होते. रेघा मारलेला कागद समोर ठेवल्यावर त्या एकदम गप्प झाल्या, आणि पुढच्या फेरीत त्यांनी खरोखरच ओठ दाताखाली धरले होते.

माझी पाळी तिसऱ्या बैठकीत आली. साधारण चार वर्षांचे, शब्द न वापरणारे मूल, साबणाच्या बुडबुड्यांची झाकण घट्ट लावलेली बाटली आणि मी, असा दहा मिनिटांचा व्हिडिओ होता. पालकांची लेखी संमती होती आणि व्हिडिओ संस्थेच्या संगणकाबाहेर जाणार नव्हता, हे नमूद करायला हवे, कारण या बाबतीत ढिसाळपणा करणाऱ्या जागाही मी पाहिल्या आहेत. मला माझे काम बरे झाले असे वाटत होते. प्रशिक्षिकेने व्हिडिओ विसाव्या सेकंदाच्या आसपास थांबवला आणि गटाला विचारले, ‘इथे मूल काय म्हणाले?’ मूल काही म्हणालेच नव्हते, असे आम्हां सर्वांचे मत पडले. त्यांनी तोच तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावताना आवाज बंद केला. आवाज बंद झाल्यावर मला दिसले की मुलाने माझ्या मनगटावर हात ठेवला आहे, त्याची नजर क्षणभर झाकणावर जाऊन माझ्या हनुवटीपर्यंत आली आहे, आणि नेमक्या त्या क्षणी माझे तोंड हलते आहे. आवाज पुन्हा सुरू केला तेव्हा मी म्हणत होते, ‘काय हवंय? बुडबुडे हवेत? बोल, बुडबुडे.’ मुलाने आपले वाक्य पूर्ण केले होते, आणि मी त्याच्यावर बोलून ते बुडवले होते.

मग त्यांनी दहा मिनिटांतील संधी मोजायला लावल्या. मुलाला काहीतरी हवे आहे आणि ते मिळवण्यासाठी त्याला माझी गरज आहे, असे दहा प्रसंग सापडले. त्यांतील एकाच प्रसंगी मी पाच सेकंद पूर्ण थांबले होते, आणि तेही बाटली माझ्या हातून निसटल्यामुळे. अकरा वर्षे मी पालकांना ‘थांबा, वाट पाहा, मुलाला वेळ द्या’ असे सांगत आले आहे. तो सल्ला मी मनापासून देत होते आणि स्वतः पाळत नव्हते, हे कोणत्याही व्याख्यानातून मला कळले नसते, कारण व्याख्यानात मी सगळ्यांच्या आधी मान हलवली असती. प्रशिक्षिकेचे कौतुक यासाठी की त्यांनी मला पुरते लाजवलेही नाही आणि सोडलेही नाही. ‘पुढच्या वेळी झाकण मुठीत झाका आणि मनात पाच मोजा, तेवढेच करा’ असे एकच काम देऊन त्या पुढच्या माणसाकडे वळल्या. एका वेळी एकच दुरुस्ती द्यायची हा त्यांचा नियम होता आणि सोळा आठवड्यांत तो मोडलेला मी पाहिला नाही.

अशा बैठका प्रत्येकाच्या वाट्याला किती आल्या? तीन. चोवीस जणांमध्ये वीस तास वाटले की वेगळे काही होणे शक्यही नव्हते, आणि त्यांतही पहिली बैठक ओळखीपाळखीत गेली. माझी मुख्य तक्रार हीच आहे. तिला माझ्या अनुभवापलीकडेही आधार आहे, आणि गंमत म्हणजे तो याच अभ्यासक्रमातल्या एका व्याख्यानात मिळाला. संजीव अरोरा या डॉक्टरांनी 2003 मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत हिपॅटायटिस सीच्या उपचारांसाठी ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. दूरच्या डॉक्टरांना दृक्श्राव्य माध्यमातून तज्ज्ञांशी जोडून, प्रत्यक्ष रुग्णांच्या केसवर चर्चा करत शिकवायचे, ही त्याची कल्पना होती आणि त्या आजाराच्या बाबतीत ती उत्तम चालली. पुढे तीच रचना स्वमग्नतेसाठी वापरली गेली. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या चाचणीत 10 केंद्रांशी जोडलेले 148 प्राथमिक वैद्यकीय व्यावसायिक सहभागी होते. त्यांचे ज्ञान वाढले आणि आत्मविश्वास वाढला; पण रुग्णांच्या नोंदी तपासून पाहिल्या तेव्हा तपासणीच्या आणि सोबतच्या आजारांवरील उपचारांच्या प्रत्यक्ष सवयींत लक्षणीय बदल आढळला नाही. वक्त्यांनी हे निष्कर्ष पडद्यावर दाखवले, त्यावर दहा मिनिटे छान बोलले, आणि पुढच्या तासाला नवे व्याख्यान सुरू झाले. वर्गात माझ्याशिवाय आणखी कोणाला हसू आले का, ते पाहायला मी मागे वळले होते.

तुलनेसाठी दोन आकडे द्यायला हवेत. वर्तन-तंत्रज्ञ म्हणून नोंदणी करणाऱ्या आरबीटी या प्रमाणपत्राला प्रशिक्षण केवळ 40 तासांचे लागते, आणि ते फारच अपुरे आहे अशी टीका योग्यच आहे. पण त्यात कौशल्ये प्रत्यक्ष करून दाखवावी लागतात आणि काम सुरू झाल्यावरही दरमहा केलेल्या तासांच्या किमान 5 टक्के पर्यवेक्षण घ्यावे लागते. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील लेंड हा आंतरशाखीय कार्यक्रम आहे, ज्यात दीर्घ मुदतीच्या प्रशिक्षणार्थींनी किमान 300 तास द्यायचे असतात. आमचा अभ्यासक्रम तासांच्या बाबतीत या दोहोंच्या मध्ये बसतो, पण प्रमाणपत्र हाती पडल्यानंतर पर्यवेक्षण शून्य. माहितीपत्रकात तीन महिन्यांनी एक फेरआढावा बैठक होईल असे छापले होते. मी विचारणा केली तेव्हा ती योजना ‘पुढील तुकडीपासून’ लागू होणार असल्याचे उत्तर आले.

केसचर्चा हा मधला भाग. तो बहुतेक वेळा ठीकठाक असे आणि एकदा अविस्मरणीय झाला. एका विशेष शिक्षिकेने एका न बोलणाऱ्या मुलाची केस मांडली. काही आठवड्यांपासून ते जेवताना आणि झोपण्याआधी स्वतःच्या गालावर मारून घेत होते. मारण्याआधी काय घडते, नंतर काय घडते, याच्या त्यांनी नीट नोंदी ठेवल्या होत्या. आम्ही सगळे त्या नोंदींवर तुटून पडलो आणि वीस मिनिटांत एक सुबक वर्तन-योजना तयार झाली. कोपऱ्यात बसलेल्या बालरोगतज्ज्ञांनी विचारले, ‘तोंडात कोणी पाहिले का?’ कोणी पाहिले नव्हते. दातांच्या डॉक्टरांकडे नेल्यावर मागची दाढ किडून गळू झाल्याचे आढळले, हे दोन आठवड्यांनी त्या शिक्षिकेनेच येऊन सांगितले. प्रत्येक लक्षण मूळ निदानाच्या खाती टाकून मोकळे होण्याची ही चूक वैद्यकात चांगली ओळखीची आहे. अपस्मार, झोपेच्या तक्रारी आणि बद्धकोष्ठता या मुलांमध्ये इतरांपेक्षा अधिक आढळतात, आणि दुखते आहे हे सांगायला शब्द नसलेले मूल ते शरीराने सांगते, हे आम्हां चोवीसही जणांना ठाऊक होते. तरी प्रश्न विचारला तो एकाने. मिश्र तुकडीबद्दलचा माझा उरलासुरला कंटाळा त्या दिवशी संपला.

स्वमग्न प्रौढ व्यक्तींचा सहभाग हा या अभ्यासक्रमाचा सर्वांत कच्चा दुवा आहे. शेवटून दुसऱ्या आठवड्यात एका तासाचे सत्र ठेवले होते. त्यात एका स्वमग्न प्रौढाने आपल्या बालपणीच्या उपचारांविषयी सांगितले आणि नंतर प्रश्नोत्तरांना पंधरा मिनिटे मिळाली. डेमियन मिल्टन या स्वमग्न अभ्यासकाने 2012 मध्ये ‘दुहेरी सहानुभूतीचा पेच’ ही कल्पना मांडली : न समजणे एकतर्फी नसते; स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळायला जड जाते तितकेच इतरांना त्याचे कळायला जड जाते. 2020 मधील एका प्रयोगात माहिती एकाकडून दुसऱ्याकडे साखळीने पोचवायची होती. सगळे स्वमग्न असलेली साखळी आणि एकही स्वमग्न नसलेली साखळी यांनी सारखीच चांगली कामगिरी केली. घसरण झाली ती मिश्र साखळीत. हे विवेचन पंधराव्या आठवड्यात नव्हे, पहिल्याच दिवशी यायला हवे होते, कारण त्यानंतर ‘सामाजिक कौशल्ये शिकवणे’ या विषयावरची आधीची सहा तासांची व्याख्याने वेगळ्या कानांनी ऐकावी लागली असती. डोळ्याला डोळा भिडवण्याचे उद्दिष्ट मुलाच्या योजनेत का लिहायचे, कोणासाठी लिहायचे, असा प्रश्न त्या पाहुण्यांनी विचारला आणि त्याचे उत्तर द्यायला वेळ उरला नव्हता. लेंडसारख्या कार्यक्रमांत कुटुंबीय आणि स्वतः अक्षमता असलेल्या व्यक्ती प्रशिक्षणार्थी म्हणून आणि शिकवणारे म्हणूनही सामील असतात. आमच्याकडे ते पाहुणे होते.

अभ्यासक्रमाच्या नावात ‘मेंदूविकासाशी निगडित अक्षमता’ असे शब्द आहेत, पण प्रत्यक्षात दहा भागांतील आठ भाग स्वमग्नतेचे आहेत. बौद्धिक अक्षमतेला चार तास, एडीएचडीला तीन, आणि भाषाविकासाच्या दोषाला, जो मुलांमध्ये स्वमग्नतेपेक्षाही जास्त आढळतो, एक तास. वयात येणाऱ्या मुलांबद्दल जवळपास काहीच नाही. चार वर्षांच्या मुलाची मिठी कौतुकाने स्वीकारायला शिकवणारे आपणच त्या मुलाला चौदाव्या वर्षी ‘आता असे करायचे नाही’ म्हणून फटकारतो. ही गाठ कशी सोडवायची हे विचारायला माझ्या ओळखीच्या प्रत्येक विशेष शिक्षिकेच्या मनात किमान एक मूल असते. मुलींमध्ये लक्षणे झाकली जाऊन निदान लांबते, याचा उल्लेख एका स्लाइडवर झाला आणि स्लाइड बदलली.

पालकांना शिकवण्याचे कौशल्य हा स्वतंत्र विषय मानला गेला, ही जमेची बाजू. जागतिक आरोग्य संघटनेने 2 ते 9 वर्षे वयाच्या मुलांच्या पालकांसाठी तयार केलेल्या कौशल्य-प्रशिक्षणाची रचना, म्हणजे नऊ गटबैठका आणि तीन गृहभेटी, येथे नमुना म्हणून शिकवली. ते प्रशिक्षण तज्ज्ञ नसलेल्या व्यक्तींनाही देता यावे अशा बेताने बेतले आहे, आणि म्हणूनच आमच्यातील तिघी सहायिकांना त्याचा सर्वाधिक उपयोग झाला. पर्यायी संवादसाधने दिली तर मूल बोलायचे सोडून देईल, ही पालकांची भीती कशी हाताळावी याचा सरावही त्यात होता. त्यासाठी 2006 मधील एका आढाव्याचा आधार दिला : काटेकोर कसोटीला उतरलेल्या अभ्यासांतील 27 जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते आणि बहुतेकांचे थोडे का होईना वाढले होते. ‘थोडे का होईना’ हे शब्द गाळायचे नाहीत, असे बजावून सांगितले होते. आईबापांना खोटी आशा दाखवून मिळवलेला विश्वास सहा महिनेही टिकत नाही.

अंतिम परीक्षा पन्नास बहुपर्यायी प्रश्नांची, घरी बसून द्यायची. तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही. संकेतस्थळ मोबाइलवर अडखळते, नोट्स व्यवस्थित आहेत, शंकांना दोन दिवसांत उत्तर येते.

सराव-बैठकीत वापरलेला निरीक्षण-तक्ता मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. एकाच पानाचा आहे तो : मुलाने पुढाकार घेतला का, मी तो टिपला का, थांबले का, किती सेकंद, मदत कोणत्या प्रकारची दिली, पुढच्या वेळी ती कमी केली का. गुणांचा रकाना नाही. पन्नास प्रश्नांच्या जागी प्रत्येकाचा दहा मिनिटांचा अखेरचा व्हिडिओ या तक्त्यावर तपासला असता तर प्रमाणपत्राला अर्थ आला असता. नव्याने पदवी घेऊन आलेल्यांनी हा अभ्यासक्रम करावा, व्याख्यानांचाही त्यांना लाभ होईल. आठ-दहा वर्षे काम केलेल्यांनी प्रवेश घेण्याआधी दोनच गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : मला मुलासोबत काम करताना कोणी, किती वेळा पाहणार आहे, आणि नंतर फेरआढावा खरोखर होणार आहे का. पहिल्याचे उत्तर ‘तीन’ असेल तर केवळ त्या तीन वेळांसाठी 76 तास ऐकायची तयारी ठेवावी. मी ठेवली होती आणि मला पश्चात्ताप नाही.

फेरआढाव्याची वाट न पाहता आमच्या तुकडीतील पाच जणांनी दर पंधरा दिवसांनी एकमेकांचे व्हिडिओ पाहायला सुरुवात केली आहे, पालकांच्या संमतीने, तोच तक्ता समोर ठेवून आणि एका वेळी एकच दुरुस्ती या नियमाने. गेल्या खेपेला माझा व्हिडिओ होता. दहा संधींपैकी चार वेळा मी पाच सेकंद थांबले होते, आणि उरलेल्या सहांपैकी एकीकडे बोट दाखवून ‘दे, दे’वाल्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, ‘इथे आवाज बंद करून बघा.’